रणांगणावरची झोप

नागभीडच्या ग्रामीण रुग्णालयातून रात्रीबेरात्री एखादा रोगी पुढे पाठवावयाचे ठरले की त्याच्या नातलगांच्या तोंडी बहुधा एकच शब्द येतो, 'मेडिकल', म्हणजे नागपूरचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. ब्रह्मपुरी जवळ आहे, चंद्रपूर आणि गडचिरोली ही जिल्ह्यांची ठाणी आहेत, २०१५ सालापासून चंद्रपुरास सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही चालू झालेले आहे. तथापि या झाडीपट्टीतील माणसाच्या मनात शेवटचा दरबार अद्यापि नागपूरचाच असून, नागपूरच्या इतवारीहून येणारी १०६ किलोमीटरांची छोटी रेल्वे २०१९ च्या अखेरीस रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत कित्येक पिढ्यांनी आपली दुखणी तिच्यातूनच तेथवर वाहून नेली. त्या दरबारात रात्री दोन वाजता आपल्याला सामोरा येतो तो कोणी पिकल्या केसांचा धन्वंतरी नसतो. पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असलेला, पंचवीस-सव्वीस वर्षांचा, काल सकाळी आठ वाजता कामावर रुजू झालेला आणि उद्या दुपारपर्यंत तरी सुटका होईल की नाही याची शाश्वती नसलेला असा तो एक निवासी डॉक्टर असतो. नागभीडच्या रोग्याचा जीव एका अनोळखी मुलाच्या जागरणावर टांगलेला असतो. पण आपला माणूस बरा होऊन घरी आला की त्या जागरणाचा हिशेब कोणाच्या नावे पडला, हा विचार आपल्याला सहसा शिवत नाही.

या मुलामुलींना उपदेश करणाऱ्यांची मात्र आपल्याकडे वाण नाही. एक वर्ग गीतेचा दाखला देतो: कर्म करावे, फळाची वासना धरू नये, सुखदुःखे समान मानावीत, रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा समजून देहाचे चोचले विसरावेत. दुसरा वर्ग नव्या भाषेत बोलतो. तो ताणाचे नियोजन, श्वासोच्छ्वासाचे प्रकार, दहा मिनिटांचे ध्यान यांच्या कार्यशाळा भरवितो, आणि त्या कार्यशाळेची दुपार पुष्कळदा त्या मुलांच्या झोपेतूनच कापून घेतो. दोघांची परिभाषा भिन्न असली तरी गृहीतकृत्य एकच आहे, की दुःखाचे मूळ ते भोगणाऱ्याच्या मनात असून त्याने आपले मन सावरले म्हणजे काम झाले. हे गृहीतकृत्य मला धर्माच्याच कसोटीवर घासून पाहावयाचे आहे. कारण ज्या ग्रंथांच्या नावाने हा उपदेश चालतो ते ग्रंथ, माझ्या अल्पस्वल्प वाचनाप्रमाणे, या खटल्यात उपदेशकांच्या बाजूने साक्ष देत नाहीत.

निवासी डॉक्टर ही संस्था मूळची आपली नव्हे. १८८९ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले, आणि तेथील शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड यांनी, जर्मन विद्यापीठांचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून, शिकाऊ शस्त्रवैद्याने वर्षानुवर्षे रुग्णालयाच्या आवारातच राहावे, संसाराच्या खटपटीत पडू नये आणि हाक येईल तेव्हा हजर व्हावे असा शिरस्ता घालून दिला. हे हॉल्स्टेड महाशय स्वतः कोकेनच्या आणि पुढे मॉर्फिनच्या आहारी गेलेले होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून आता सर्वश्रुत आहे. तेवढ्यावरून ही सारी पद्धतच नशेतून जन्मली असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र मानवी देहाच्या स्वाभाविक मर्यादेविषयी त्यांचा अंदाज कितपत भरवशाचा मानावा, एवढी शंका घेण्यास हरकत नसावी. योगायोग असा की त्याच वर्षी १ मे रोजी, याच रुग्णालयात रुजू होण्यासाठी फिलाडेल्फिया सोडताना, विल्यम ऑस्लर यांनी तेथील विद्यार्थ्यांस जे प्रसिद्ध निरोपाचे भाषण केले त्याचा विषय वैद्याची समचित्तता हा होता, आणि त्यासाठी त्यांनी अँटोनायनस पायस या रोमन बादशहाच्या अंतकाळच्या उद्गाराचा आधार घेतला होता. जागरणाचा शिरस्ता आणि ते सोसण्याचे तत्त्वज्ञान अशी दोन्ही एकाच वास्तूच्या आसऱ्याने जगभर गेली, आणि त्यांतले तत्त्वज्ञान आपल्या देशात आले तेव्हा त्याला गीतेचे वस्त्र नेसविणे फारसे कठीण गेले नाही.

माझी एक भाची अशाच एका मोठ्या रुग्णालयात निवासी आहे. कोणत्या, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. मागल्या आषाढात, धानाची रोवणी ऐन भरात असताना, ती दोन दिवसांच्या रजेवर घरी आली. जेवावयास बसली ती ताटावरच पेंगू लागली. तिच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूस निळ्या शाईने खाटांचे क्रमांक आणि औषधांच्या मात्रा लिहिलेल्या होत्या. साबणाने धुऊनही त्यांतला एक चार आणि एक नऊ पुसले गेले नव्हते. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेस नित्य जाणारे आणि अंतःकरणाने अगदी निर्मळ, तिची चौकशी करावयास आले होते. ते कौतुकानेच म्हणाले, 'बाई, तुमचं काम म्हंजे पूजाच आहे. पूजेत कोनी झोपते का?' त्यावर माझी बहीण ओसरीवरूनच म्हणाली, 'झोपू द्या तिले, आबाजी. काहून जागवता?' मुलगी आत जाऊन निजली ती दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी उठली. मध्यंतरी घरात कोणाच्या तरी फोनची घंटा वाजली, तेव्हा ती डोळे न उघडताच ताडकन उभी राहिली आणि पायांनी चपला चाचपू लागली. फोन आपला नाही हे कळण्यापूर्वीच पुन्हा आडवी झाली.

संध्याकाळी चहा घेताना ती माझ्याशी बोलली, पण थकव्याविषयी तिने अक्षर काढले नाही. ती म्हणाली, 'मामाजी, पेशंट गेला ना, तर आता काहीच वाटत नाही. पहिले रडू यायचं. मला भीती वाटते ती याची.'

या वाक्यात एक जुना धर्मप्रश्न आहे. काहीच न वाटणे हेच ते समत्व काय? मृत्यू पाहून जिचे चित्त हलत नाही ती मुलगी स्थितप्रज्ञतेच्या वाटेवर एक पाऊल पुढे गेली, की मागे आली? चरकाने वैद्याची वृत्ती चतुर्विध सांगितली आहे: प्राणिमात्राविषयी मैत्री, आर्ताविषयी करुणा, साध्य रोग्याविषयी प्रीती, आणि ज्याचे पाऊल मृत्यूकडे वळले आहे त्याच्याविषयी उपेक्षा, म्हणजे तटस्थ समदृष्टी. हीच चौकडी थोड्याफार फरकाने पतंजलीच्या योगसूत्रांत आहे आणि बौद्धांच्या चार ब्रह्मविहारांत आहे. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषाने विसुद्धिमग्ग या ग्रंथात या चारींचे विवेचन करताना मोठा मार्मिक भेद केला आहे. प्रत्येक सद्भावनेचा, तो म्हणतो, एक दूरचा शत्रू असतो आणि एक जवळचा. दूरचा शत्रू तिच्या उघड विरुद्ध असल्यामुळे ओळखू येतो. जवळचा मात्र तिच्यासारखाच दिसतो, तिच्या घरात तिच्याच नावाने वावरतो, आणि म्हणून अधिक घातक ठरतो. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य, पण जवळचा शत्रू शोक. समदृष्टीचे दूरचे शत्रू आसक्ती आणि द्वेष, पण तिचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून येणारी बेफिकिरी, जिला काही दिसतच नाही म्हणून जी अस्वस्थ होत नाही. माझ्या भाचीने विसुद्धिमग्ग वाचलेला नाही. तरीही आपल्या घरात शिरलेला परका तिने ओळखला होता, आणि त्याच्याविषयी तिला वाटणारी भीती हीच ती अजून शाबूत असल्याची खूण होती, असे मला वाटते. १९५६ च्या १६ ऑक्टोबरला बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिल्यापासून या जिल्ह्याच्या गावोगावी बौद्ध वंदना म्हटली जात आहे; इतक्या जवळ असलेला हा विवेक आमच्या डॉक्टर मुलांपर्यंत कोणी पोचवू नये याचे नवल वाटते.

समदृष्टी आणि बेफिकिरी यांतला फरक पुस्तकी नाही, हे एका उदाहरणावरून ध्यानी यावे. रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे सर्पदंशाचे रोगी वाढतात, आणि त्यांत मण्यारीचा दंश विलक्षण फसवा असतो. भुईवर निजलेल्या माणसाला ती रात्री चावते. दुखत फारसे नाही, दातांची खूण दिसली तर दिसते. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, आणि मग श्वासाचे स्नायूच लुळे पडतात. प्रतिविष द्यावे लागतेच, परंतु लकवा एकदा झाल्यावर रोग्याला तारते ती गोष्ट एवढीच की त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी श्वास चालू ठेवावा. यंत्र मोकळे नसेल तर रबरी पिशवी हाताने दाबीत बसावे लागते, दर पाच-सहा सेकंदांस एक दाब, तासन्‌तास. तो रोगी बोट हलवू शकत नाही, डोळा उघडू शकत नाही. परंतु पुष्कळदा त्याची शुद्ध कायम असते आणि उशाशी चाललेले सारे बोलणे त्याला ऐकू येत असते. आता दोन निवासी डॉक्टर कल्पावेत, दोघांचेही हात सारख्याच लयीत चाललेले, दोघांचेही चेहरे सारखेच निर्विकार. एक मधून मधून रोग्याच्या कानाशी सांगतो की घाबरू नका, श्वास आम्ही देतो आहोत, दोन-चार दिवसांत तुमचा तुम्हाला घेता येईल. दुसरा त्याच्या डोक्यावरून सहकाऱ्याला म्हणतो की हा गेल्यातच जमा आहे. बाहेरून पाहणाऱ्या अधिष्ठात्यास दोघेही समचित्त वाटतील. फरक त्या मिटल्या पापण्यांआडच्या माणसालाच काय तो कळेल. आणि या दोघांत जन्मतः एक सज्जन व दुसरा दुर्जन असेल असे मानण्याचे कारण नाही. कित्येक वेळा त्यांच्यातले अंतर आदल्या रात्रीच्या चार तासांच्या झोपेएवढेच असते.

जागरणाचे वावडे असलेला आमचा प्रांत मुळीच नाही. दिवाळी सरली आणि मंडईच्या जत्रांचे दिवस आले की झाडीपट्टीत नाटकांचे पेव फुटते. रात्री दहाच्या सुमारास वर गेलेला पडदा पहाटे खाली येतो, आणि तोवर मांडीवर पोर घेऊन बसलेली बाई जागची हलत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सारे गाव उन्हे वर येईपर्यंत निजलेले असते, आणि त्याबद्दल कोणी कोणास जाब विचारीत नाही. स्वेच्छेने केलेल्या जागरणात आनंद आहे, प्रसंगी पुण्यही आहे. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पदव्युत्तर शिक्षणाचा बेत बाजूस सारून चीनच्या रणभूमीवर गेले. तेथे त्यांनी एका लढाईत सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या असे सांगतात, आणि शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढल्यापासून मराठी घरांत डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलाला ही कथा ऐकवण्याचा प्रघात पडला आहे. कथेचा उत्तरार्ध सांगताना आपण जरा घाई करतो. ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस वारले तेव्हा ते अवघे ३२ वर्षांचे होते, अपस्माराच्या झटक्यांनी आणि अतिश्रमांनी जर्जर झालेले. त्यांच्या त्यागाला रेसभरही उणेपणा न आणता एवढे म्हणता येईल की तो त्यांनी स्वतः पत्करलेला होता. त्यांच्या नावाचा दाखला देऊन दुसऱ्याच्या हजेरीपटावर सही करण्याचा अधिकार त्यांनी कोणालाही दिलेला नव्हता.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांत मूढ आग्रहाने स्वतःस पीडा देऊन केलेले, किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी आरंभिलेले तप तामस ठरविले आहे. शरीराला सुकविणारे लोक शरीराच्या आत वसणाऱ्या ईश्वरालाच सुकवितात, असेही तेथे म्हटले आहे. दुसऱ्याकडून सक्तीने करवून घेतलेल्या तपाला मात्र गीतेने या तिहींपैकी कोठलाच वर्ग दिलेला नाही, आणि हे योग्यच आहे; आमच्या चांदा जिल्ह्यात मालगुजारीच्या अमदानीत त्याला वेठ म्हणत असत. उपदेशकांच्या बाजूचे एक वचन याच ग्रंथात आहे, आणि ते लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही: देहाला क्लेश होतील या भयाने कर्तव्य टाकणे हा राजस त्याग होय, असे अठराव्या अध्यायात स्पष्ट सांगितलेले आहे. हे मला मान्य आहे, आणि बहुतेक निवासी डॉक्टरांनाही ते मान्य असावे. कारण त्यांतले फारच थोडे कर्तव्य टाकून जातात. प्रश्न टाकण्याचा नसून करण्याचा आहे, आणि कसे करावे याविषयी सहाव्या अध्यायाचे म्हणणे निःसंदिग्ध आहे. अति खाणाऱ्यास योग नाही आणि मुळीच न खाणाऱ्यासही नाही. अति निजणाऱ्यास नाही आणि सतत जागणाऱ्यासही नाही. ज्याचे आहारविहार, झोप आणि जागृती प्रमाणात आहेत त्याचाच योग दुःख हरण करतो. येथे क्रम पाहण्यासारखा आहे. समत्व साधले म्हणजे झोपेची गरज उरत नाही असे भगवंत म्हणत नाहीत. झोप प्रमाणात असली तर समत्व साधेल असे म्हणतात.

तथापि या प्रश्नावरचे सर्वांत बोलके भाष्य गीतेत नसून गीतेच्या श्रोत्याने केलेले आहे, आणि ते महाभारताच्या द्रोणपर्वात आहे. जयद्रथवधाच्या दिवशी सूर्य मावळला तरी युद्ध थांबले नाही. दिवट्या पेटवून ते तसेच रात्रभर चालू राहिले. घटोत्कच पडला. मध्यरात्र उलटली. तीन प्रहरांची रात्र योद्ध्यांना हजार प्रहरांची वाटू लागली. कोणाच्या हातांतून शस्त्रे गळू लागली, कोणी झोपेने आंधळे होऊन शत्रू समजून आपल्याच माणसांवर घाव घालू लागले, तर कोणाला आपण मारले जात आहो याचेही भान राहिले नाही. झोपेवर विजय मिळविलेला म्हणून परंपरेने ज्याचा गौरव केला त्या अर्जुनाला स्वतःला कदाचित त्या रात्री विश्रांतीची निकड नसेल. पण त्याने सैन्याकडे पाहिले आणि दिशा दुमदुमून जातील अशा आवाजात पुकारा केला की तुम्ही आणि तुमची वाहने थकून गेली आहेत, अंधाराने व धुळीने काही दिसत नाही. तुम्हांस रुचत असेल तर येथेच रणभूमीवर घटकाभर निजा, चंद्र उगवला म्हणजे पुन्हा लढू. कौरवांच्या सैन्यालाही ते रुचले. त्यांनी कर्णाला आणि दुर्योधनाला हाका मारून पांडवांची सेना थांबल्याचे सांगितले, आणि शत्रुपक्षाच्या त्या शिपायांनी अर्जुनाला मनापासून दुवा दिला. मग कोणी घोड्यांच्या पाठीवर, कोणी रथाच्या बैठकीवर, कोणी हत्तीच्या मानेवर, कोणी उघड्या भुईवर, शस्त्रे तशीच जवळ ठेवून, दोन्ही सेना निजल्या.

अठरा अध्यायांचा उपदेश ऐकून जेमतेम चौदा दिवस झाले होते. शेजारी सारथी म्हणून साक्षात उपदेष्टा बसलेला होता. अर्जुनाला सैन्यापुढे समत्वावर चार शब्द बोलता आले असते, आणि त्याइतका अधिकार त्या क्षणी दुसऱ्या कोणाचा होता? त्याने ते केले नाही. समत्व त्याने स्वतःसाठी ठेवले आणि सैन्याला झोप दिली. निष्काम कर्म हा स्वतःच्या मनाला घालावयाचा नियम आहे आणि विश्रांती ही हाताखालच्यांना द्यावयाची वस्तू आहे, या दोहोंची अदलाबदल केली की धर्माचे रूपांतर जुलमात होते, हे ज्याला गीता सांगितली गेली त्याला तरी समजलेले होते.

आमच्या दप्तरांतही असे हुकूम नाहीत असे नाही. केंद्र सरकारच्या १९९२ सालच्या निवासी डॉक्टरविषयक निर्देशांत दिवसाला सामान्यतः १२ तासांहून अधिक सलग काम नसावे, आठवड्याला ४८ तास असावेत, आणि आठवड्यास एक सुट्टी असावी असे म्हटलेले आहे. ज्या वर्षी हा कागद निघाला त्या वर्षी आजचे बहुतेक निवासी डॉक्टर जन्मलेही नव्हते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या मंडळाने २०२४ च्या अहवालात आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि एक सुट्टी यांची शिफारस केली. बत्तीस वर्षांत ४८ चे ७४ झाले, ही वाढ आहे की कबुली आहे, हे वाचकांनीच ठरवावे. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी शिकाऊ डॉक्टरांच्या देखरेखीखाली दगावली, तिच्या पत्रकार वडिलांनी पाठपुरावा केला, आणि १९८९ साली त्या राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा लागू झाली. तेव्हा या बाबतीत पुढारलेल्या देशांनाही जाग आपणहून आलेली नाही. शिवाय थकव्याचा भार सर्वांच्या खांद्यावर सारखा पडतो असेही नाही. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत एका आदिवासी समाजातील निवासी डॉक्टर युवतीचा अंत झाला, आणि वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून तिचा छळ केला असा आरोप होऊन प्रकरण न्यायालयात गेले. निकाल काय लागावयाचा तो लागेल. परंतु गोंड व माना समाजांतली पहिल्या पिढीची मुले ज्या तालुक्यांतून आता या शिक्षणाकडे वळत आहेत, त्या तालुक्यांतल्या माणसाने 'मन खंबीर ठेव' एवढाच निरोप त्यांना देऊन भागणार नाही.

मग त्या मुलाने स्वतः काही करूच नये काय? करावे, आणि त्यासाठी फार खोल तत्त्वज्ञानाची गरज नाही. रात्रपाळीपूर्वी मिळेल ती झोप कोणाची परवानगी न विचारता घ्यावी, जेवण उभ्याने असले तरी चुकवू नये, घरी फोन करावा, आणि मनात जीव नकोसा झाल्याचा विचार डोकावला तर तो अशक्तपणा समजून दडवू नये. सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवा अहोरात्र चालू असते आणि तेथे मराठीत बोलता येते. ध्यानाचा ज्यांना उपयोग होतो त्यांनी ते अवश्य करावे. पण या साऱ्यांहून मोलाची गोष्ट विनयपिटकातल्या एका कथेत आहे. अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेला एक भिक्षू बुद्धाच्या दृष्टीस पडला. दुःख अनित्य आहे, शांत राहा, असे बुद्धाने त्याला सांगितले असते तर ते सिद्धांताच्या दृष्टीने बिनचूक झाले असते. त्याऐवजी त्याने विचारले की तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही. मग आपला शिष्य आनंद याच्याकडून पाणी आणवून दोघांनी त्याला धुऊन काढले, उचलून खाटेवर निजविले, आणि नंतर संघाला बोलावून नियम घालून दिला की तुम्हांला येथे ना आई ना बाप, तेव्हा तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? घरदार सोडून एका आवारात एकत्र राहणाऱ्या, दुसऱ्यांची दुःखे वाहणाऱ्या तरुणांना हा नियम जसाच्या तसा लागू पडतो. निवासी डॉक्टरांत तो अलिखित रूपाने चालूही असतो. एकाचा डोळा लागला तर दुसरा त्याचा वॉर्ड गुपचूप पाहून येतो. खंत एवढीच की त्याला संघाच्या नियमाची प्रतिष्ठा नसून कसुरीची भीती असते. आमच्या आबाजींच्या पूजेविषयीही येथे एक शब्द सांगितला पाहिजे. चिमूरच्या रानांत ज्यांनी तारुण्यातला काही काळ घालविला त्या तुकडोजी महाराजांनी खेडोपाडी जी सामुदायिक प्रार्थना रूढ केली, तिला ठरलेली वेळ असते, रांगेने बसण्याची शिस्त असते, आणि ती संपली की माणसे घरी जाऊन जेवतात व निजतात. पूजेत कोणी झोपत नाही हे खरे. पण छत्तीस तासांची पूजा महाराजांनीही कोणास सांगितली नव्हती.

द्रोणपर्वातली ती गोष्ट मी भाचीला सांगितली. तिने ती नीट ऐकली आणि मग म्हणाली, 'मामाजी, पण त्या रात्री दोन्ही सैन्यं एकदमच झोपली ना? आमच्याकडे आजार झोपत नाही.'

याला उत्तर सोपे नाही, आणि अर्जुनापाशीही ते नव्हते. एकाने झोपावयाचे तर दुसऱ्याने त्याच्या जागी उभे राहिले पाहिजे. आणि दुसरा आणावयाचा कोठून? अमेरिकेत २०१६ व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या तुलनात्मक प्रयोगांत पाळ्यांची लांबी शिथिल ठेवलेल्या रुग्णालयांत रुग्णांच्या मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळले नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. रोगी हातोहात बदलण्यातही धोके असतात, अर्धी हकीकत मागे राहते, कोणाच्या मनगटावरचा आकडा दुसऱ्याच्या मनगटावर उतरत नाही. (आठवड्याची ८० तासांची मर्यादा त्या प्रयोगांतही मोडलेली नव्हती, हे मात्र आमच्याकडे तो दाखला देणारे सांगत नाहीत.) तेव्हा केवळ तास कापून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. तिच्या आक्षेपाचा विचार करता करता मी ज्या ठिकाणी येऊन पोचलो ते ठिकाण नागपुरात नसून येथे नागभीडला आहे. जो रोगी तालुक्यात बरा व्हावयाचा तो शंभर किलोमीटर पुढे जातो, तेव्हा तो एका निवासी डॉक्टरच्या झोपेतला तासभर बरोबर घेऊन जातो. अवघड बाळंतपण, साधा अस्थिभंग, वेळेवर आलेला सर्पदंश, सिकलसेलच्या मुलाची दुखण्याची लाट, यांतले किती येथल्या येथे निभावता येतील हे तालुक्याच्या जागा भरलेल्या आहेत की रिकाम्या, आणि भूलतज्ज्ञ मुक्कामाला आहे की कागदावर, यावर अवलंबून असते. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे असा नियम आता झाला आहे. त्या तीन महिन्यांत कोणी चंद्रपुरास वा गडचिरोलीस येतो तेव्हा त्याला येथे राहावयास बरी खोली, वेळेवर दरमहा आणि हाताखाली शिकलेली परिचारिका मिळाली, तर त्यांतला एखादा शिक्षण संपल्यावर परतही येतो. हे मी भाचीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, 'बघू. आधी हे वर्ष जाऊ द्या,' आणि सकाळच्या बसची वेळ विचारू लागली.